सांधा आहे, मूळ नाही

टेबलावर अकरा वस्तू होत्या. चामड्याच्या शिवलेल्या पिशव्या सहा, बुचाला मेण लावलेल्या काचेच्या बाटल्या तीन आणि मासेमारीच्या जाळ्याचे दोन तुकडे. जाळ्याच्या दोऱ्यात फिकट पिवळे केस विणलेले होते. पोलिसांनी हे सगळं बंदरावरच्या एका गोदामातून आणलं होतं. विकणाऱ्याने अकराही वस्तूंबद्दल एकच सांगितलं होतं : अल्बिनो माणसाचा अंश आहे, जवळ बाळगा, भरभराट होईल.

चाचणीनंतरचा हिशोब असा. शेळी पाच, सरोवरातला मासा दोन, कोंबडी एक, बाहुलीचे नायलॉनचे केस दोन. माणूस एक.

"अकरात दहा फसवणुकी," मिलेंबे म्हणाली. "इथल्या ठगांनी माझ्यासाठी जेवढं केलंय, तेवढं एकाही मंत्र्याने केलेलं नाही."

मिलेंबे आमच्या प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ. वय माझ्याएवढंच, सत्तावीस. ती स्वतः अल्बिनो आहे. आपल्याकडे अशा माणसांना सूर्यमुखी म्हणतात. ज्यांना सूर्यच सोसत नाही त्यांना हे नाव देणाऱ्याची अक्कल मोजायला माझ्याकडे उपकरण नाही. तिची बुबुळं सतत किंचित हलतात, त्यामुळे ती कागद नाकाजवळ धरून वाचते. डाव्या कानाची पाळी कर्करोगात गेली. रस्त्यातून जाताना टवाळ पोरं मागून "दिली, दिली" म्हणून ओरडतात. इथल्या भाषेत म्हणजे सौदा, चालताबोलता. ती वळून एवढंच विचारते, "घाऊक हवा की किरकोळ?"

टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावरच्या या गावात मला पुण्याच्या एका कंपनीने पाठवलं होतं. पहिल्या दिवशी मिलेंबेने मला "दादा" म्हटलं तेव्हा मी चमकले. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण.

आमच्या उपकरणाचं नाव 'साक्षी'. काडेपेटीएवढा डबा, फोनला जोडायचा. नाव डॉ. सबनीसांनी ठेवलं होतं. ते आमच्या इथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख, रेण्वीय जीवशास्त्रातली डॉक्टरेट, आणि पहिलं यंत्र सुरू करण्याआधी त्यांनी त्याच्यासमोर नारळ फोडला. नारळाचं पाणी कीबोर्डात गेलं. तो बदलावा लागला, तेव्हा ते म्हणाले, इडापिडा कीबोर्डावर निभावली.

साक्षीचं काम समजायला सोपं आहे. त्वचेचा रंग पेशीतल्या अतिसूक्ष्म पिशव्यांत तयार होतो. त्या पिशव्यांत आम्लता योग्य राहावी लागते, नाहीतर रंग बनतच नाही. ही आम्लता सांभाळणारं प्रथिन ओसीए-टू नावाचं जनुक बनवतं. आफ्रिकेतल्या बहुसंख्य अल्बिनो माणसांत या जनुकातून सुमारे सत्तावीसशे अक्षरांचा एकच तुकडा गळालेला असतो, आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडली गेलेली असतात. पुस्तकाचं पान फाडून पुढचं मागच्याला चिकटवावं, तसं. त्या जोडावर अक्षरांचा जो क्रम तयार होतो, तो दुसरीकडे कुठेही सापडत नाही. आम्ही त्याला सांधा म्हणतो. आई आणि वडील दोघांकडून सांधा आला तर मूल अल्बिनो होतं. एकाकडूनच आला तर रंग नेहमीसारखाच राहतो आणि त्या माणसाला जन्मभर पत्ता लागत नाही.

साक्षी दोन गोष्टी शोधते : सांधा, आणि न फाटलेलं मूळ पान. दोन्ही दिसले तर तो नुसता वाहक. मूळ दिसलं, सांधा नाही, तर तेही नाही. शेळी-कोंबडीत दोन्ही नाहीत. आणि सांधा आहे, मूळ नाही, असं आलं तर ते अल्बिनो माणसाचं. भाजून कुटलेल्या हाडातही सांध्याचे चिमुकले अवशेष टिकतात. नळीतलं रसायन अर्ध्या तासात त्यांच्या अब्जावधी प्रती काढतं, म्हणून चिमूटभर पूड पुरते. हे हाड कोणाचं, ते मात्र त्यातून कळत नाही. फक्त कोणत्या प्रकारच्या माणसाचं, एवढंच.

हेतू चांगला होता. ताईत पकडा, तपासा, बाळगणाऱ्याला तुरुंगात टाका. भीती कमी झाली की मिलेंबे तिच्या मुलीला घरी आणणार होती. लिमी सहा वर्षांची, तीही अल्बिनो. उंच भिंतीच्या आतल्या वसतिगृहात ती तीन वर्षं राहत होती, कारण घराच्या दाराला साधी कडी होती. मिलेंबेने जानेवारीतल्या शाळेसाठी तिचा गणवेश शिवून घेतला होता. लांब बाह्यांचा.

मग लुहेंडेसाहेब आले.

लुहेंडेसाहेबांचा मासे गोठवण्याचा कारखाना होता. परदेशातली हिशेबशास्त्राची पदवी, कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. मिलेंबे आत रसायनं मोजत होती. ते माझ्यासमोर बसले आणि त्यांनी खिशातून एक पिशवी काढून टेबलावर ठेवली.

"एका मित्राची आहे," ते म्हणाले. "त्याला खात्री करून हवी आहे."

"कसली खात्री?"

"अस्सल आहे का."

माझ्या चेहऱ्याकडे बघून ते समजुतीने हसले. "डॉक्टर, आमच्या वडिलांच्या काळात सगळं विश्वासावर चालायचं. लोक फसायचे. तुम्ही फार मोठं काम केलंय. आता विज्ञान आहे."

माझ्या सातारच्या मामाने एकदा मांडूळ विकत घेतलं होतं. दुतोंडी समजला जाणारा हा निरुपद्रवी साप जितका जड तितकं गुप्तधन जवळ, असा समज. मामा सिव्हिल इंजिनियर. त्याने अंधश्रद्धेला थारा दिला नाही, मांडूळ डिजिटल काट्यावर तोलून घेतलं. आठवड्याने ते मेलं आणि त्याच्या पोटातून बेअरिंगच्या गोळ्या निघाल्या. मामा हळहळला तो काटा नीट न तपासल्याबद्दल. लुहेंडेसाहेबांना बघून मला मामाच आठवला. मूर्ख अडाणी असेल तर त्याला शेळीचं हाड चालतं. मूर्ख शिकलेला असला की त्याला हॉलमार्क लागतो.

"आधी यंत्र बरोबर चालतं का ते दाखवा," लुहेंडे म्हणाले. माझंही काम सोपं झालं, कारण त्यांना बसवून ठेवायचं होतं. मी त्यांच्याच थुंकीचा नमुना घेतला आणि पिशवीतली चिमूटभर पूड दुसऱ्या नळीत टाकली. आत जाऊन मिलेंबेला पोलिसांना फोन करायला सांगितलं. तिने दारातून पिशवी पाहिली आणि फोन उचलला.

अर्ध्या तासाने पडद्यावर निकाल आले.

"तुमच्या थुंकीत सांधा आहे, मूळही आहे," मी म्हणाले. "तुम्ही वाहक आहात. तुमच्या नातवंडांत एखादं अल्बिनो मूल जन्मू शकतं."

"आमच्या घराण्यात असलं काही नाही." मऊपणा पहिल्यांदा उतरला. "मशीन बिघडलंय. आणि पिशवीचं?"

"सांधा आहे, मूळ नाही."

त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे अस्सल."

ज्या मशीनने त्यांना आरसा दाखवला ते बिघडलेलं होतं, आणि ज्याने ताईत पास केला ते चोख होतं. एकच मशीन, एकाच मिनिटात. पोलीस आले तेव्हा ते मला कार्ड देत होते.

पिशवी पुरवणाऱ्या दलालाने पोलिसांना जबाब दिला : पूड मकोयेच्या हाताची आहे. मकोये म्हणजे मिलेंबेचा धाकटा भाऊ, तोही अल्बिनो. दोन वर्षांपूर्वी चार माणसांनी त्याचा डावा हात कोपरापासून तोडून नेला होता. आता तो बंदराच्या फाटकाशी टेबल मांडून फोनची कव्हरं विकायचा आणि पडदे पुसून द्यायचा.

लुहेंडेंच्या वकिलाचा बचाव एका ओळीचा होता : पिशवीत शेळी आहे, माझा अशील फसला, आणि मूर्ख असणं हा गुन्हा नाही. याला उत्तर एकच होतं, साक्षीचा निकाल. खटला उभा राहिला. पहिली तारीख पडली, मग दुसरी. न्यायाधीश आजारी, वकील परगावी, कोर्टात वीज नाही.

मधल्या काळात साक्षीच्या नकला बाजारात आल्या. आमच्याहून स्वस्त, चालायच्या तितक्याच चोख. बंदरामागे पत्र्याच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. 'खात्री केंद्र', बाहेर बाक, आत डबा, गिऱ्हाइकाच्याच फोनला जोडायचा. बोटींचे मालक, खाणींचे ठेकेदार, निवडणुकीचे उमेदवार रांगेत बसत. शेळीचं हाड विकणारे ठग महिन्याभरात देशोधडीला लागले. बाजार शुद्ध झाला. खोटा माल बंद झाल्यावर खऱ्या मालाला जी मागणी येते, ती आली.

एका सकाळी वसतिगृहाच्या भिंतीला मागून भोक पाडलेलं सापडलं. अर्धवट राहिलं होतं. लिमीची खाट त्या भिंतीपासून तिसरी.

मी डॉ. सबनीसांकडे गेले. ते सर्वसामान्यांसाठीच्या नव्या साक्षीचं पाकीट न्याहाळत होते. त्यावर हसरं कुटुंब छापलेलं होतं.

"सर, हे बाजारात आणू नका. लोक ताईत तपासायला वापरतात."

"केतकी, उपकरण तटस्थ असतं. सुरीने भाजी चिरतात, खूनही करतात."

"भाजी चिरणारा एक तरी गिऱ्हाईक दाखवा, सर."

त्यांनी अंगठीतला पुष्कराज फिरवला. "गुरुवारी अनावरण ठरलंय. चांगला योग आहे. निगेटिव्ह विचार करू नकोस."

पुष्कराजात आणि पिशवीतल्या पुडीत फरक काय? दोन्ही अंगावर बाळगतात, दोन्हींची भरभराटीची हमी असते, दोन्हींबरोबर प्रमाणपत्र मिळतं. एवढाच, की पुष्कराजासाठी कोणाचा हात तोडावा लागत नाही.

मी बाहेर आले तेव्हा मिलेंबे धुण्याच्या टेबलापाशी नळ्यांच्या रांगेसमोर उभी होती. आमच्या कामात एक नियम देवापेक्षा मोठा : चाचणी झालेली नळी उघडायची नाही. तिच्यात सांध्याच्या अब्जावधी प्रती असतात. एक थेंब हवेत उडाला, हाताला लागला, तर पुढे महिनोन्महिने प्रत्येक चाचणी होकार देत राहते. म्हणून दर वेळी एका नळीत नुसतं पाणी घालायचं. पाण्याने होकार दिला की समजायचं, खोली नासली. मिलेंबेच्या खोलीत चार वर्षांत पाण्याने एकदाही होकार दिला नव्हता. नवख्या मुलांना ती सांगायची, "झाकण उघडलंत तर मी मरणार नाही, मी अल्बिनो आहे, आम्ही गायब होतो असं तुमच्या आज्या सांगतात. पण तुम्ही नक्की मराल."

आता तिच्या हातात तशीच नळी होती.

"दादा," ती म्हणाली, "याने कोणाला काही होतं?"

"नाही. नुसता तुकडा. खाल्ला तर पचतो, अंगावर पडला तर धुतला जातो. उन्हात काही दिवसांत मोडतो."

"बरं. म्हणजे ऊन त्यालाही सोसत नाही."

तिला काय विचारायचंय ते मला कळलं होतं. मला ते आठवड्यापूर्वी सुचलं होतं आणि मी गप्प बसले होते, कारण खटला.

"सगळ्यालाच होकार यायला लागला," मी म्हणाले, "तर पिशवीच्या निकालाला काही अर्थ उरणार नाही. लुहेंडे सुटेल."

"माहितेय."

"पुढची तारीख तीन आठवड्यांवर आहे. तोपर्यंत थांबू."

"भिंतीतलं भोक थांबणारे का?" तिने नळी जागेवर ठेवली. "पण हात माझा नाही. चल."

मकोये फाटकाशी छत्रीखाली बसला होता. पुढ्यात कव्हरं, फवाऱ्याची बाटली, फडकं. फोन गुडघ्यांत धरून तो एका हाताने पडदा पुसत होता. मिलेंबेने त्याला सुकुमा भाषेत सगळं सांगितलं आणि मग माझ्यासाठी स्वाहिलीत पुन्हा. त्याने फोन पुसून पूर्ण केला, गिऱ्हाइकाला दिला आणि मला विचारलं, "लुहेंडेला शिक्षा झाली तर हात उगवेल?"

"नाही."

"ताई, ही तुझी दोस्त शास्त्रज्ञ आहे ना? एवढं तरी नक्की सांगते." तो हसला. मग टपऱ्यांकडे वळून बघितलं. आत जाणारा प्रत्येक माणूस आधी त्याच्याकडे फोन पुसायला देत होता, कारण पडद्यावर डाग असला तर निकाल नीट दिसत नाही. "दोन वर्षं मी माझा हात विकत घेणाऱ्याला गजाआड बघायचं स्वप्न बघतोय," तो म्हणाला. "रोज. जेवताना सुद्धा." फडक्याने त्याने स्वतःचं कपाळ पुसलं. "लिमीचे दोन हात आहेत ना अजून?"

"दोन्ही," मिलेंबे म्हणाली.

"मग बाटली भरून आण."

मी लांब तुकडे बनवले, सांध्याच्या दोन्ही बाजूंची अक्षरं पुष्कळ दूरवर घेऊन. म्हणजे एखाद्याने चाचणी थोडी बदलली तरी चालावेत. प्रती मिलेंबेने काढल्या. चार वर्षं जपलेल्या खोलीत तिने एकेक झाकण स्वतः उघडलं, आणि दर वेळी तोंड असं केलं की जणू कोणी देवळात चपला घालून चालतंय. ते पाणी आम्ही मकोयेच्या फवाऱ्याच्या बाटल्यांत भरलं.

मकोयेने पाटी लावली : फोन पुसून मिळेल, फुकट. फुकट म्हटल्यावर मोठ्या गाडीतली माणसंही उतरतात. उमेदवार आले, ठेकेदार आले, खात्री केंद्रवाले स्वतः आले, दिवसातून दोनदा. फोनवरून बोटांवर, बोटांवरून डब्यावर, पिशवीवर, नोटांवर, एकमेकांच्या हातावर. इथे अभिवादन करताना लोक हात बराच वेळ हातात धरून ठेवतात. त्याची मदत झाली.

दुसऱ्या आठवड्यात एका बोटमालकाने खात्री केंद्राची टपरी उलथून टाकली. त्याने संशय येऊन तपासायला वाळलेला मासा दिला होता, आणि मासा अस्सल अल्बिनो निघाला. तिसऱ्या आठवड्यात मीठ, साबण आणि निवडणुकीचं पत्रक अस्सल निघालं. टपऱ्या रिकाम्या पडू लागल्या. शेळीची हाडं विकणारे परत आले. त्यांतला एक मकोयेला मान तुकवून गेला, नेमकं का ते त्यालाही माहीत नसावं.

सबनीसांनी ते सगळं नकली यंत्रांवर ढकललं. "म्हणूनच मी सांगतो, ओरिजिनल घ्या," ते म्हणाले.

ठरल्या तारखेला कोर्टात वीज होती. लुहेंडेंच्या वकिलाने मागणी केली : बाजारात साबण होकार देतो, तर पिशवीची चाचणी इथे, सर्वांसमोर, पुन्हा व्हावी. सोबत त्याने आणलेलं शेळीचं हाडही तपासावं. न्यायाधीशबाईंनी मान्य केलं. त्यांनी स्वतःच्या मेजावरची पाण्याची सीलबंद बाटली उचलली. "आणि हे," त्या म्हणाल्या. "यात काही नाही हे मला माहीत आहे."

सबनीस आत्मविश्वासाने पुढे आले. त्यांनी नवी साक्षी पाकिटातून काढली, फोनला जोडली. पडद्यावर बोटांचे ठसे होते. बाहेर मकोयेकडे त्यांनी तो सकाळीच पुसून घेतला होता. त्यांनी खिशातल्या रुमालाने पुन्हा पुसला.

मागच्या बाकावर मिलेंबेच्या एका बाजूला मकोये होता आणि दुसऱ्या बाजूला लिमी, रुंद टोपी आणि लांब बाह्यांचा गणवेश घालून. ती आदल्या रविवारी घरी आली होती. लुहेंडे तिच्याकडे एकदा बघून दुसरीकडे बघू लागले. निकालाला अर्धा तास होता. लिमीने आईला विचारलं, "तो माणूस कोण आहे?"

"फसलेला माणूस," मिलेंबे म्हणाली. "आज तो हेच सिद्ध करायला आलाय."

मकोयेने उजवा हात गुडघ्यावर पालथा ठेवला होता. बोटं हलत नव्हती.

यंत्राचा आवाज झाला. सबनीसांनी पडद्याकडे पाहिलं, मग फोन हलवून पुन्हा पाहिलं. न्यायाधीशबाईंनी मोठ्याने वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं.

पिशवीतली पूड : सांधा आहे, मूळ नाही.

शेळीचं हाड : सांधा आहे, मूळ नाही.

पाणी : सांधा आहे, मूळ नाही.